छाती दाबताना पेशंट डोळे उघडतो तेव्हा

कोल्हापूर

चि. बाळ,


परवा तू फोनवर जे विचारलंस, त्याचं उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय. रुग्णवाहिकेत तू हृदय थांबलेल्या त्या गृहस्थांची छाती दाबत असताना त्यांनी डोळे उघडले, तुझं मनगट धरलं आणि हात बाजूला सारायला लागले. तू थांबलीस, तसे ते निपचित पडले. पुन्हा दाबायला लागलीस, तर हात पुन्हा वर आला. ‘मामा, मी जिवंत माणसाची छाती दाबत होते का?’ असं तू विचारलंस.

होय, दाबत होतीस. आणि तेच करायला हवं होतं.

त्या वेळी त्यांचं हृदय रक्त ढकलत नव्हतं, नुसतं थरथरत होतं. मेंदूला जे काही रक्त पोचत होतं ते तुझ्या तळहातांच्या जोरावर. उत्तम दाबलं तरी एरवीच्या पाव ते तिसरा हिस्सा एवढाच प्रवाह मिळतो आणि बहुतेकांना तो शुद्धीवर यायला पुरत नाही. पण हृदय नुकतंच थांबलेलं असेल, दाबायला लगेच सुरुवात झाली असेल आणि हात नेमके पडत असतील, तर काहींच्या मेंदूला तेवढ्यानंही जाग येते. हापशाचा दांडा चालतोय तोवरच पाणी, तसं हे आहे. दाबणं थांबलं की वीस सेकंदांच्या आत माणूस पुन्हा बेशुद्ध होतो. म्हणजे त्यांनी तुझं मनगट धरलं, ती तुझ्या कामाची पावतीच होती.

आता यातला धोका बघ. पेशंट हलला की हात आपोआप सैल पडतात आणि बरोबरचे नातेवाईक ओरडतात, ‘थांबा, आण्णा हलले!’ तिथे थांबलं की हातचा माणूस जातो. हृदय खरोखर सुरू झालं की नाही हे हालचालीवरून ठरवू नकोस. दर दोन मिनिटांनी मॉनिटर आणि नाडी बघतेस तेव्हाच ठरव, आणि तेही दहा सेकंदांच्या आत. नाडी नसेल तर पेशंट बोलत असला तरी दाबत राहा. शॉक द्यायची लय दिसली तर शॉक दे. तो जागा आहे म्हणून शॉक लांबवणं ही दया नव्हे. फक्त देण्याआधी त्याला सांग.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या रुग्णवाहिका सेवेनं 2008 ते 2014 या काळातल्या 16,558 प्रयत्नांच्या नोंदी तपासल्या. त्यांत 112 जणांना छाती दाबताना जाग आली होती, म्हणजे शंभरात एकही नाही. पण 2008 मध्ये हे प्रमाण 0.3 टक्के होतं, ते 2014 मध्ये 0.9 टक्के झालं. 112 पैकी बहुतेकांनी हातपाय हलवले आणि दहांतले तीन जण चक्क बोलले. रुग्णवाहिका पोचण्याआधीच ज्यांचं हृदय थांबलं होतं, त्यांच्यातले असे जागे होणारे वाचण्याची शक्यताही जास्त दिसली. छाती दाबण्याचं शिक्षण जसं सुधारेल तसे असे पेशंट वाढतील, असं मला वाटतं. तुझ्या नोकरीत हा प्रसंग पुन्हा येईल हे धरूनच चाल.

2024 च्या डिसेंबरात आपल्याच गावात घडलेली गोष्ट तू ऐकली असशीलच. हृदयविकाराचा झटका आलेल्या एका वयस्क गृहस्थांना मृत म्हणून घरी नेत होते. गाडी गतिरोधकावरून गेली आणि घरच्यांना त्यांची बोटं हलताना दिसली. त्यांनी गाडी दुसऱ्या रुग्णालयाकडे वळवली. तिथे अँजिओप्लास्टी झाली आणि पंधरवड्यानं ते चालत घरी आले. तुझ्या पेशंटचा प्रकार वेगळा, हे मी जाणतो. वर्तमानपत्रांनी सगळं श्रेय गतिरोधकाला दिलं. मी ते त्या घरच्यांना देतो. त्यांची नजर त्या माणसावर होती आणि जे दिसलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. प्रयत्न थांबवल्यावरही काहींचं हृदय आपणहून सुरू झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. म्हणून हात काढल्यावर निदान दहा मिनिटं मॉनिटर लावलेला ठेवावा, हे तू स्वतःपुरतं ठरवून टाक.

आता औषधाचं. आयुष्यभर मी भूल देण्याचंच काम केलं, म्हणून इथे जरा जास्त लिहितो. पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा छाती दाबली जाते. त्यात फासळ्या मोडतात. हे शुद्धीत सोसणाऱ्या माणसाच्या वेदनेवर उपाय करणं आपलं कर्तव्य आहे. पण गुंगीच्या बऱ्याच औषधांनी रक्तदाब उतरतो आणि इथे तर रक्तदाब मुळातच तुझ्या हातांवर उभा आहे. व्हिक्टोरियाच्या त्याच नोंदींत, ज्यांना गुंगीची वा शिथिल करणारी औषधं दिली त्यांच्यात वाचण्याचा तो वाढीव फायदा दिसला नाही. दोष औषधाचा की त्या पेशंटांच्या अवस्थेचा, हे त्यावरून ठरत नाही. तरी हात आखडता ठेवायला एवढं पुरे. अमेरिकेतल्या नेब्रास्कात यासाठी केटामाइन वापरण्याची पद्धत बसवली, कारण त्यानं वेदना मारली जाते आणि रक्तदाब सहसा पडत नाही. शक्य असेल तिथे अगदी थोड्या मात्रेत वेदनाशामक किंवा गुंगीचं औषध देण्याचा विचार करावा, असं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञही आता सांगतात. एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही. स्नायू शिथिल करणारं औषध एकटं द्यायचं नाही. पेशंट शांत दिसेल, तुझं काम सोपं होईल, आणि आत तो माणूस जागा राहून सगळं सोसत असेल. आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही.

औषध हाताशी नसेल तेव्हा आवाज असतो. त्याच्या कानाशी बोल: ‘काका, मी डॉक्टर आहे. तुमचं हृदय थांबलंय, म्हणून छाती दाबतेय. दुखेल, पण हात धरू नका. आपण दवाखान्यात निघालोय.’ तो हात आडवा घालत असेल तर मुलाला किंवा बायकोला सांग, तो हात हातात घ्या आणि त्यांच्याशी बोला. बांधण्यापेक्षा हे बरं. आणखी एक, कोल्हापुरात ‘सीपीआर’ म्हटलं की लोकांना छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयच कळतं. म्हणून घरच्यांना सरळ ‘छाती दाबतेय’ असंच सांग, नाहीतर तिकडे नेतोय असं समजून ते गप्प बसतील आणि हात हलला की घाबरतील.

तुझी अडचण मी जाणतो. 2014 साली 108 रुग्णवाहिका सेवा सुरू झाली तेव्हा राज्यभरात 937 गाड्या होत्या आणि प्रत्येकीत डॉक्टर, हे महाराष्ट्रानं फार चांगलं केलं. पण पायलट स्टिअरिंगवर गेला की मागे तू एकटी. गगनबावड्याहून निघालेल्या गाडीत पन्नासएक किलोमीटर एकटीनं छाती दाबायची, शॉक द्यायचा, सलाईन बघायची आणि पेशंटला धीरही द्यायचा, हे एका माणसाचं काम नाही. म्हणून जिथे हृदय थांबतं तिथेच, गाडी उभी करून, पायलटला हाताशी घेऊन पहिले शॉक आणि पहिली काही मिनिटं नीट करावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. छाती दाबणारं यंत्र असतं तिथे हात मोकळे होतात, पण जाग येण्याचा प्रश्न तिथेही राहतोच.

दवाखान्यात सोपवताना तोंडी सांग आणि कागदावरही लिही की पेशंट मधेमधे शुद्धीवर येत होता. हृदय थांबून वाचलेल्यांपैकी थोड्यांना त्या वेळचं दिसलेलं-ऐकलेलं आठवतं, आणि पुढे झोप उडते, भीती बसते. तिथल्या डॉक्टरांना हे ठाऊक असेल तर ते विचारतील. तुलाही ते डोळे आठवत राहतील. पायलटशी त्याबद्दल बोल, त्यानंही ते पाहिलंय.

येत्या आठवड्यात तुझ्या जिल्हा व्यवस्थापकांना भेट आणि लेखी विचार, छाती दाबताना पेशंट जागा झाला तर कोणतं औषध, किती, आणि कोणाला फोन करून द्यायचं. उत्तर लेखी मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नकोस. ते मिळालं की गाडीत औषधांच्या पेटीच्या झाकणावर चिकटव, तुझ्यानंतर त्या गाडीवर येणाऱ्यालाही दिसेल असं.

तुझा
मामा