दोन सुया, एक दोरा

चामडं काही विसरत नाही. कापडाची शिवण उसवली तर दोन धुण्यांत सुईची भोकं बुजतात. चामड्याला पडलेलं भोक कायमचं. म्हणून घरी पर्स शिवायला बसणाऱ्याचा निम्मा वेळ पुठ्ठ्यावर जातो, आणि तो सत्कारणी लागतो. पुठ्ठा कापावा, दुमडावा, खांद्याला लावून आरशासमोर उभं राहावं. धाडस सगळं पुठ्ठ्यावर करून घ्यावं.

*

नामांकित पर्सची नक्कल करायची तर आधी ती नीट बघावी लागते. पॅरिसच्या एर्मेस कंपनीची ‘केली’ पर्स फोटोत सगळ्यांनी पाहिलेली असते. तिच्या धर्तीवर काही शिवायला घेतलं की ती खरी दिसू लागते: वर निमुळती, खाली पसरट, तळाला धातूचे चार छोटे पाय. जमिनीवर ठेवली तरी चामडं टेकू नये म्हणून ते पाय. ज्याला आपण डौल म्हणतो त्याच्या तळाशी बहुतेक वेळा अशी एखादी साधी गरज असते.

१९५५ साली कोको शनेलनं पर्सला लांब साखळी लावली, कारण बाईचे दोन्ही हात मोकळे राहायला हवे होते. १९८४ची ‘बर्किन’ जन्मली ती विमानातल्या एका तक्रारीतून. तान्ह्या बाळाच्या आईचं सगळं सामान मावेल अशी पर्सच मिळत नाही, असं अभिनेत्री जेन बर्किन शेजारच्या प्रवाशाला म्हणाली, आणि तो प्रवासी एर्मेसचा प्रमुख निघाला.

तेव्हा घ्यायचंच तर त्या बायकांचं गाऱ्हाणं घ्यावं, आणि मग आपलं मांडावं. डबा, पाण्याची बाटली, घडीची छत्री, औषधांची पट्टी, लोकलचा पास. पॅरिसमध्ये झाकणाला एक फिरकी पुरते. दादर स्टेशनच्या जिन्यावर पर्स पोटाशी धरून चालायचं असतं, तिथे तोंडाला चेनच हवी आणि पट्टा आडवा घालता येईल इतका लांब. एवढे दोन बदल केले की पर्स तुमची होऊ लागते.

*

पाठीचं चामडं घट्ट, पोटाचं सैल. पट्टा नेहमी पाठीतून काढावा. पोटातून काढला तर ओझ्यानं वर्षभरात लांबतो. कीटक चावल्याचे डाग, काटेरी तारेचे ओरखडे चामड्यावर राहतातच. ते टाळून कापायचं की दर्शनी भागात येऊ द्यायचे, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी येऊ देते. एक जनावर जगलं होतं, याची तेवढीच खूण उरलेली असते.

*

एर्मेसची सुरुवात १८३७ साली पॅरिसमध्ये घोड्याच्या साजानं झाली. बिथरलेल्या घोड्याच्या ओढीला जी शिवण तुटत नाही, तीच पुढे पर्सला आली. दोरा एकच, त्याच्या दोन्ही टोकांना सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात, एक इकडून, एक तिकडून. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत नुसते अडकलेले असतात. एक तुटला की शिवण सुटत जाते. इथे एक टाका झिजून तुटला तरी पलीकडून आलेला दोरा जागा धरून ठेवतो.

लिननचा दोरा आधी मेणावरून ओढून घ्यायचा. शिवणीच्या चौपट लांब घ्यावा, मग मध्येच संपत नाही. कोणती सुई आधी घालायची तो क्रम शेवटपर्यंत बदलायचा नाही. बदलला की टाक्यांचा तिरपेपणा बिघडतो. मग दोन्ही हात बाहेरच्या दिशेनं, सारख्याच जोरानं ओढायचे. टाका बसला की बोटांना कळतं. घाईत शिवलेला भाग पुढे कधीही ओळखता येतो. टाके माणसाची मनःस्थिती लिहून ठेवतात.

*

जेन बर्किनची मूळ पर्स २०२५च्या जुलैत पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली. ती झिजलेली होती, स्टिकर चिकटवल्याच्या खुणा होत्या, पट्ट्याला नेलकटर अडकवलेलं होतं. एवढी किंमत आली ती वापरलेल्या पर्सला. कपाटात जपून ठेवलेल्या पर्सा आयुष्य सुरू होण्याची वाट बघत बसतात.

*

धर्ती घ्यावी, नाव घेऊ नये. दुसऱ्याचा शिक्का ठोकला की आपला प्रत्येक टाका खोटा ठरतो, कितीही नेटका असला तरी. आणि ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव सांगावं. २०२५च्या जूनमध्ये मिलानला फॅशन कंपनी प्राडानं कोल्हापुरी धाटणीच्या चपला मंचावर आणल्या आणि कोल्हापूरचा उल्लेख केला नाही. इथून ओरड झाल्यावर भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. आपला राग रास्त होता. पण तो राग घरातही वळवावा लागेल.

कातडं कमावणारे आणि शिवणारे हात आपण गावाबाहेर ठेवले. त्यांच्या मोटेनं मळे भिजले, त्यांनी कमावलेल्या कातड्यानं मढवलेल्या पखवाजावर भजनं रंगली, त्यांच्या वहाणा पायांत घालून आपण त्यांची सावली टाळली. जे काम कुणावर जन्मानं लादलं, तेच आज आम्ही छंद म्हणून करतो. हा छंद वाईट नाही. पण चामडं कापायची रापी हातात घेताना ती आधी कुणाच्या हातात होती हे माहीत असावं, आणि ज्यांच्या हातात ती अजून आहे त्यांच्याकडे शिकायला जावं.

घरी शिवलेली पर्स मैत्रिणींच्या आधी त्यांना दाखवावी. जाणता कारागीर पर्स हातात घेतली की तिचं तोंड उघडून आतली शिवण बघतो. मग पट्टा जिथे जोडला आहे तिथे अंगठा दाबतो, कारण सगळं ओझं तिथेच येतं. मग कडेवरून बोट फिरवतो, थर कुठे सुटलेले आहेत का ते बघायला. आणि मग विचारतो, रोज किती वजन घालणार आहात?