कर्ज देशाचे, हप्ता कोणाचा?

सप्टेंबर २०१२ मधला एक रविवार मला चांगला आठवतो. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात नेहमीप्रमाणे घोळके उभे होते, पण सगळीकडे विषय एकच : गॅस. सवलतीच्या दराने एका कुटुंबाला वर्षाला सहाच सिलिंडर मिळतील, असा नियम सरकारने नुकताच केला होता. सातवा हवा असेल तर जवळपास दुप्पट पैसे मोजायचे. एकत्र कुटुंबाला सहा सिलिंडर कसे पुरणार? नाताळ, लग्नकार्य, पाहुणेरावळे यांचे काय? आमची आईही वैतागली होती. मग अनेकांनी जे केले तेच आम्ही केले. मी आणि माझा भाऊ एकाच चुलीवरचे जेवत होतो, पण कागदावर दोन चुली दाखवल्या.

पुढे जानेवारी २०१३ मध्ये सहाचे नऊ झाले आणि जानेवारी २०१४ मध्ये नऊचे बारा. त्यानंतर तीनेक महिन्यांत लोकसभेची निवडणूक होती. सहा झाले तेव्हा आवारात केवढी चर्चा झाली, पण बारा झाले तेव्हा कोणी अवाक्षर काढले नाही. वाढीव सिलिंडरचे पैसे कुठून येणार, हे विचारायचे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही.

ते पैसे बऱ्याच अंशी कर्जातून येत होते. जगात तेलाचे भाव चढत होते आणि इथे ते चढू द्यायचे नाहीत, असे सरकारने त्याआधीच्या काही वर्षांत ठरवले होते. तेल कंपन्यांचा तोटा भरून द्यायला रोख रक्कम नव्हती. म्हणून २००५ नंतरच्या काही वर्षांत त्यांना रोखे देण्यात आले, म्हणजे 'पुढे देऊ' अशी चिठ्ठी. त्या वर्षीच्या तुटीत हा आकडा दिसत नसे. या रोख्यांच्या परतफेडीच्या तारखा २०२५-२६ पर्यंत पसरलेल्या होत्या. तेव्हा जी मुले पहिल्या कम्युनियनच्या तयारीला बसत होती, ती आता कमावती होऊन कर भरत आहेत. आमच्या स्वस्त गॅसचे आणि डिझेलचे बिल त्यांच्याकडे गेले.

देशाचे कर्ज कमी करावे, हे सगळ्याच पक्षांना मान्य असते. २००३ साली संसदेने त्यासाठी खास कायदा केला. एका आघाडीने तो संमत केला, दुसरीने लागू केला, इतके एकमत होते. सरकारने वर्षाची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांपर्यंत खाली आणावी, असे ठरले. २००७-०८ मध्ये ती अडीच टक्क्यांवर आलीही. पुढच्याच वर्षी शेतकऱ्यांची कर्जमाफी, नवा वेतन आयोग आणि जागतिक मंदी यांमुळे ती सहा टक्क्यांवर गेली. कायद्याच्या मुदती नंतर पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या गेल्या. यात एकट्या राजकारण्यांना दोष देणे मला पटत नाही. ज्याची सवलत जाते त्याला नाव असते, गाव असते, मत असते. ज्याच्या माथी कर्ज बसते तो कधी पाळण्यात असतो, कधी जन्मालाही आलेला नसतो. शिवाय आज काटकसर करणाऱ्या मंत्र्याला शिव्या मिळतात आणि तिचे फळ पाच-दहा वर्षांनी येणाऱ्या दुसऱ्याच कोणाच्या पदरात पडते.

आता कोणी म्हणेल, कर्ज हे पापच. तसे नाही. धरण, रेल्वे किंवा पूल यांसाठी काढलेले कर्ज पुढच्या पिढीने फेडले तर अन्याय होत नाही, कारण पुलावरून तीही जाणार आहे. २०२०-२१ या कोरोनाच्या वर्षी केंद्राची तूट ९.२ टक्क्यांवर गेली. त्या काळात सुमारे ८० कोटी लोकांना मोफत धान्य देण्याचे ठरले. त्या कर्जाबद्दल कोणाला खंत वाटू नये. बापाने घर बांधायला काढलेले कर्ज मुलगा आनंदाने फेडतो. बँडबाजाचे कर्ज फेडताना तो बापाला काय म्हणतो, ते आपल्या गावांत सगळ्यांना ठाऊक आहे.

माझ्या मनाला टोचते ते वेगळेच. २०१२ साली आम्ही सातव्या सिलिंडरसाठी भांडत होतो, तेव्हा आपल्याच भागातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर किती तरी बाया डोक्यावरून मोळी आणून फुंकणीने चूल पेटवत होत्या. त्यांच्याकडे गॅसच नव्हता, मग सवलत कुठली? पण देशाचे कर्ज त्यांच्याही नावावर चढत होते. त्या साबण घेतात, एस.टी.ने प्रवास करतात, म्हणजे करही भरतात. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खर्चाच्या दर रुपयामागे २० पैसे व्याजाचे होते, संरक्षणाचे ८. आणि हे व्याज जाते कुठे? बहुतेक कर्ज देशातलेच आहे. आपल्या बँकांनी, आयुर्विमा महामंडळाने, भविष्यनिर्वाह निधीने सरकारला ते दिले आहे. म्हणजे आपल्या ठेवीवरचे, पॉलिसीवरचे व्याज काही अंशी त्या बाईच्या साबणातून येते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या 'सेंतेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात याच प्रश्नाला हात घातला होता. कर्ज फेडलेच पाहिजे हे तत्त्व न्याय्य आहे, पण लोकांना उपाशी ठेवून वसुली करणे न्याय्य नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायातील योबेल वर्षाचा आधार घेऊन २००० सालच्या ज्युबिलीत गरीब देशांची कर्जे माफ करण्याची हाक दिली गेली. ती कर्जे परक्यांची होती. आपल्या कर्जाची गोष्ट वेगळी आहे. ते बुडवले तर पतीच्या फंडावर जगणारी विधवा बुडेल. त्यामुळे ते कमी करायचे तर कोणीतरी आज मिळणारे काही सोडले पाहिजे. प्रश्न एवढाच की आधी कोणी सोडायचे. काटकसर सुरू झाली की पहिली कात्री बहुधा ज्याचा आवाज नाही त्याच्यावर चालते. आवाज असलेले आपण कागदावर दुसरी चूल मांडतो.

हे शांतपणेही करता येते. जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला सुमारे ५० पैशांनी वाढत गेले. कोणी फारसे रस्त्यावर उतरले नाही. जगातले भावही पडले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलवरचे सरकारी नियंत्रण उठले. गॅसची सवलत तर २०२० च्या मे महिन्यापासून बहुतेक घरांतून निघूनच गेली. आमच्याकडे ती बँकेत जमा होत नाही, हे कित्येक महिन्यांनी लक्षात आले. तिजोरीच्या दृष्टीने काम सोपे झाले. पण लोकांना विश्वासात न घेता असे करणे बरे की वाईट, यावर मी अजून कोणत्या एका मताला आलेलो नाही. २०१२ मध्ये निदान स्पष्ट सांगितले होते आणि आम्ही ते चालू दिले नाही.

मध्ये एकदा मागूनही पाहिले होते. २०१५ साली परवडत असेल त्याने सवलत आपणहून सोडावी, असे पंतप्रधानांनी आवाहन केले. पुढच्या सुमारे वर्षभरात कोटीभर घरांनी ती सोडली. आमच्या घरी यावरून बरीच वादावादी झाली. भाऊ म्हणाला, "आपल्याला परवडते, सोडून देऊ." मी म्हणालो, "आधी मोठ्यांनी सोडू दे." त्याने आपल्या नावाची सोडली. माझ्या नावाची चालू राहिली, सरकारने ती आपणहून बंद करेपर्यंत.