कौल कोणाचा घ्यावा?

आमच्या देवस्थानच्या अग्रशाळेवर पूर्वी मंगळुरी कौलांचे उतरते छप्पर होते. ते पावसाळ्यात गळत असे. वाशांना वाळवी लागलेली होती आणि दर मृगाआधी छप्पर शाकारण्याचा खर्च देवस्थानच्या वहीत मोठ्या अक्षरांत चढत असे. सुमारे वीस वर्षांपूर्वी महाजनांची सभा भरली. प्रस्तुत लेखक त्या वेळी समितीवर होता. कौले काढून सिमेंटची सपाट गच्ची घालावी असे ठरले आणि त्या ठरावावर माझीही सही आहे. काम आरंभण्यापूर्वी रूढीप्रमाणे देवाला कौल लावला. पुरोहितांनी मूर्तीला कळ्या लावल्या, प्रार्थना केली आणि उजवी कळी सुटली. देवाची अनुमती मिळाली. मंडळाची तर होतीच. पुढच्या चैत्रात काम पुरे झाले आणि त्यानंतर अग्रशाळा कधीही गळली नाही.

पहिल्याच श्रावणी सोमवारी मात्र एक गोष्ट ध्यानात आली. जुन्या छपराची पावळी भिंतीच्या बाहेर दोन-अडीच हात आलेली होती. त्या वळचणीला फुलकारणी परड्या घेऊन बसत, लांबून आलेली माणसे पाऊस ओसरेपर्यंत तेथेच उभी राहत, आणि पालखी मिरवून आलेले लोकही तेथेच खांदे टेकत. आता भिंत सरळ उभी होती आणि गच्चीचे पाणी नळातून धो धो पडत होते. फुलकारणी डोक्यावर प्लास्टिकचे कापड ओढून भिजत बसल्या होत्या. त्यांच्यापैकी एका वृद्धेला मी म्हटले, ही अडचण होणार हे तुम्ही आधी का सांगितले नाही? तिने हातातली अबोलीची वेणी पुरी केली आणि मान वर न करताच म्हटले, “आमकां कोणें विचारलें?”

त्या प्रश्नात राग नव्हता, आणि म्हणूनच तो मला अधिक लागला. आम्ही देवाला विचारले होते, महाजनांना विचारले होते, हिशेबनिसालाही विचारले होते. पण ज्यांच्या आयुष्याचा काही भाग त्या छपराच्या बाहेरच्या बाजूखाली जात होता त्यांना विचारावे, असे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नव्हते. मराठीत कौल हा शब्द छपरावरही आहे आणि देवाच्या उत्तरातही आहे. आम्ही एक कौल घेतला आणि दुसरे कौल काढून टाकले.

येथून एक सर्वसाधारण प्रश्न निघतो. इमारत ज्याची, तिची बाहेरची बाजूही सर्वस्वी त्याचीच काय? घराच्या आत काय करावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. माजघराला कोणता रंग द्यावा किंवा चूल कोठे मांडावी हे शेजाऱ्याने सांगू नये. परंतु घराची दर्शनी भिंत, तिची ओसरी, खिडक्या आणि छपराचा उतार ही घरात राहणाऱ्यांच्या दृष्टीस फारशी पडतच नाहीत. ती जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या दृष्टीस पडतात. समोरच्या घरातली म्हातारी आयुष्यभर जे पाहते ते आपले घर होय. तिचे घर ती पाहत नाही, ते आपण पाहतो. जुन्या वाड्यात किंवा देवळाच्या परिसरात तर हे अधिकच खरे आहे. तेथे प्रत्येक घर शेजारच्या घराच्या आधाराने शोभते, आणि मधले एक उंच झाले की सगळी ओळ मोडते.

हाच विचार मनात धरून जगातील कित्येक नगरांनी एक प्रथा घातली आहे. जुन्या वस्तीतील इमारतीच्या बाह्य स्वरूपात बदल करावयाचा असेल तर मालकाने आधी स्थानिक मंडळापुढे आपला बेत मांडावा, मंडळाने तो तपासावा आणि मगच काम सुरू व्हावे. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यातले चार्ल्स्टन हे या प्रथेचे एक मूळपीठ मानले जाते. १९२० नंतरच्या दशकात मोटारी वाढल्या, आणि पेट्रोलच्या पंपांना जागा हवी म्हणून तेथील जुनी घरे पडू लागली. तेव्हा १९३१ साली नगराने कायदा करून एक जुना विभाग आखून दिला आणि तेथील बदल तपासण्यासाठी मंडळ नेमले. त्या मंडळाने आपल्या अधिकाराला जी मर्यादा मानली ती विचार करण्याजोगी आहे. सार्वजनिक रस्त्यावरून जे दिसते तेवढेच त्याने पाहावयाचे. भिंतीच्या आत त्याचा अधिकार नाही. मालकी आणि शेजारधर्म यांच्यामधली सीमारेषा इतकी स्वच्छपणे क्वचितच आखलेली आढळते.

आपल्याकडेही ही प्रथा आली आहे. मुंबईसाठी महाराष्ट्र शासनाने १९९५ साली वारसा-नियम केले, इमारतींच्या श्रेणी लावल्या आणि सल्ल्यासाठी समिती नेमली. पणजीत फोंतायनीश आणि सांव तोमे या भागांतील अरुंद गल्ल्या, रंगीत भिंती आणि बाल्कांव असलेली घरे संरक्षित क्षेत्रात मोडतात, आणि तेथे बदल करू इच्छिणाऱ्याचे प्रकरण संरक्षण समितीपुढे जाते. त्या गल्लीतून सायंकाळी चालणाऱ्याला ही समिती हवीशी वाटते. परंतु त्याच गल्लीत ज्याचे छप्पर गळते आहे, ज्याच्या चार भावांत घराची वाटणी झालेली नाही आणि ज्याला सागवानी खिडकीपेक्षा ॲल्युमिनियमची खिडकी स्वस्त पडते, त्याला ती तशीच हवीशी वाटेल असे म्हणवत नाही.

त्याची बाजू हलक्या मनाने बाजूला सारता येणार नाही. तो विचारील: घरपट्टी मी भरतो, वाळवी माझ्या वाशांना लागते, आणि शोभा मात्र साऱ्या गावाची कशी? ज्यांना माझे घर जुने दिसावयास हवे आहे ते स्वतः कोठे राहतात? ह्या प्रश्नांना सौंदर्याची भाषा उत्तर देऊ शकत नाही.

आपल्यासारख्या देवळांच्या आश्रयाने वाढलेल्या समाजाला तर आणखी एक आक्षेप सुचेल, आणि तो आपल्याच इतिहासातून आलेला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत देवळे मोडली जाऊ लागली, तेव्हा आपल्या पूर्वजांनी भिंतींचा मोह धरला नाही. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. घर मागे राहिले आणि देव पुढे गेला. पुढे अंत्रुज महालात जी देवळे उभी राहिली त्यांत घुमट आले, कमानदार खिडक्या आल्या, मजल्यांचे दीपस्तंभ आले. शेजारच्या चर्चच्या बांधणीतून जे घेण्यासारखे वाटले ते आपल्या कारागिरांनी निःशंकपणे घेतले. त्या काळी एखादे मंडळ बसले असते आणि पूर्वीचेच शिखर हवे असा हट्ट त्याने धरला असता, तर आज आपण ज्याला गोमंतकीय देवालयाची शैली म्हणून मिरवतो ती जन्मासच आली नसती. मग कालच्या बदलाला परंपरा म्हणावे आणि आजच्या बदलाला अपराध म्हणावे, हा कोणता न्याय?

हा आक्षेप मला फार काळ निरुत्तर करीत असे. भाविकांची गरज आणि इमारतीचे मुख यांचा समोरासमोर झगडा झाला असता काय होते, हे अमेरिकेतीलच एका प्रकरणात दिसते. टेक्सस राज्यातील बर्नी या लहान गावात टेकडीवर सेंट पीटर नावाचे कॅथलिक चर्च आहे. ते १९२३ साली बांधलेले, सुमारे २३० माणसे बसतील एवढे. वस्ती वाढली आणि रविवारच्या काही प्रार्थनांना चाळीस ते साठ माणसांना जागा मिळेनाशी झाली. धर्मप्रमुखांनी चर्च वाढविण्यास अनुमती दिली. गावाने मात्र ते जुन्या विभागात येते म्हणून परवाना नाकारला. प्रकरण न्यायालयात गेले आणि चढत चढत देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. धर्माचरणाला विशेष संरक्षण देणारा जो केंद्रीय कायदा चर्चच्या पाठीशी होता, तो राज्यांना व गावांना लागू करणे घटनेच्या मर्यादेबाहेर आहे, असा निकाल त्या न्यायालयाने १९९७ साली दिला. कायद्याच्या ग्रंथांत हा निकाल फार मोठा मानला जातो. मला त्यापेक्षा त्यानंतरची हकीकत अधिक बोधप्रद वाटते. गाव आणि चर्च यांनी शेवटी समेट केला. जुन्या इमारतीचा सुमारे ऐंशी टक्के भाग राखावा आणि तिच्या मागे मोठे प्रार्थनागृह बांधावे, असे ठरले.

म्हणजे जुने मुखही राहिले आणि माणसांना जागाही मिळाली. दोन्ही पक्ष एकमेकांची गरज ऐकण्याच्या इच्छेने बसले असते तर ही तोड पहिल्याच वर्षी निघाली नसती काय? एकाने आपला हक्क सांगितला, दुसऱ्याने आपला नियम सांगितला, आणि विचारण्याचे काम वकिलांकडे गेले.

येथे मला माझ्या शंकेचे उत्तर सापडते. परंपरेने बदलाला कधीच मनाई केलेली नाही. तिने एवढेच सांगितले आहे की बदल विचारून करावा. देवळाचा जीर्णोद्धार हा आपल्याकडे पुण्यकर्मांत गणला जातो, तरी तोही कोणी आपल्या मर्जीने सुरू करीत नाही. देवाची आज्ञा घ्यावी लागते, देवाला तात्पुरत्या स्थानी न्यावे लागते आणि काम संपले की विधीपूर्वक परत आणावे लागते. देवाला विचारणे ही काही केवळ औपचारिक गोष्ट नव्हे. डावी कळी पडू शकते, आणि ती पडली तर थांबावे लागते. ज्या प्रश्नाला नकार मिळूच शकत नाही तो प्रश्न म्हणजे विचारणेच नव्हे. हाच न्याय माणसांच्या मंडळालाही लावावा. उलट, ज्या मंडळाकडून होकार येणेच शक्य नाही त्याच्यापुढे जाणे हेही विचारणे नव्हे. ती शिक्षा ऐकण्यासाठी लावलेली रांग होय.

तेव्हा अशा मंडळाकडून समाजाने काही गोष्टी मागाव्यात. पहिली, त्याने आपली मर्यादा पाळावी आणि रस्त्यावरून जे दिसते त्याच्या आत जाऊ नये. दुसरी, त्याने कारण सांगावे. एखादी खिडकी आवडली नाही हे कारण नव्हे. ती शेजारच्या ओळीशी कशी विसंगत आहे हे मालकाला दाखवून देता आले पाहिजे. तिसरी, त्यात त्या वस्तीतली माणसे असावीत. संरक्षित स्मारकांच्या भोवती शंभर मीटरांपर्यंत नवे बांधकाम सरसकट वर्ज्य करणारा नियम आपल्या देशात २०१० पासून आहे. त्याचे हेतू चांगले आहेत, परंतु नकाशावर वर्तुळ काढणाऱ्याला त्या वर्तुळातल्या घरी पाऊस कोणत्या बाजूने येतो हे ठाऊक नसते. ज्याला उद्या त्याच गल्लीतून जावयाचे आहे तो नकारसुद्धा जपून देतो.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण आहे. शोभा जर गावाची असेल तर तिचा भारही गावाने थोडासा उचलला पाहिजे. कौलांचा, चुन्याचा, सुताराचा वाढीव खर्च एकट्या विधवेच्या माथी मारून तिच्या ओसरीचे छायाचित्र आपण काढावे, यात नीती नाही. चार्ल्स्टनचीच दुसरी बाजू येथे आठवावी लागते. तेथे घरे वाचली, रस्ते देखणे झाले, भाव चढले. आणि त्या जुन्या घरांतून भाड्याने राहणाऱ्या कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबांना आपली वस्ती सोडावी लागली. दर्शनी भिंत राहिली आणि तिच्यामागची माणसे गेली. कळस राखला आणि गाभारा रिकामा झाला, असे म्हणावे अशी ती अवस्था आहे. ज्यांना घर सोडावे लागले त्यांनीही बहुधा हेच विचारले असेल, आम्हांला कोणी विचारले?

फोंतायनीशमधले घर असो की आमची अग्रशाळा असो, ज्याच्यावर परिणाम होणार त्याचा शब्द आधी ऐकावा, एवढेच या प्रथेचे मर्म आहे. मंडळ, नियम, नकाशे ही त्यासाठीची साधने होत. मालकाने शेजाऱ्याला विचारावे, तसेच मंडळाने मालकाला आणि त्याच्या भाडेकरूलाही विचारावे. यातले एक टोक सुटले की कधी मनमानी होते, कधी जुलूम होतो.

गेल्या वर्षी आमच्या देवस्थानात पुन्हा असाच प्रसंग आला. दीपस्तंभ आणि सभामंडप यांच्यामधल्या प्राकारावर लोखंडी खांब उभारून पत्र्याचे कायमचे छप्पर घालावे, म्हणजे जत्रेत भाविकांना ऊन लागणार नाही, अशी सूचना पुढे आली. या वेळी समितीने बेताचा नकाशा महिनाभर नगारखान्याखाली लावून ठेवला आणि ज्याला बोलावयाचे असेल त्याने एका रविवारी यावे असे कळविले. वाजंत्री आले, फुलकारणी आल्या, समोरच्या घरांतली माणसे आली. पत्र्याखालून दीपस्तंभ दिसणार नाही असे काहींनी सांगितले. उन्हात भोवळ येऊन पडलेल्या आपल्या आईची हकीकतही एकाने सांगितली, आणि ती ऐकून दीपस्तंभाची बाजू घेणारे क्षणभर गप्प झाले. शेवटी जत्रेच्या दिवसांपुरता कापडी मांडव घालावा, आणि अग्रशाळेच्या भिंतीला बाहेरून कौलांची एक पडवी काढावी, असे ठरले. त्यानंतर देवाला कौल लावला.

पडवीचे काम यंदा वैशाखात पुरे झाले. ती जुन्या पावळीइतकी रुंद नाही, आणि नव्या कौलांचा रंग अजून भडक दिसतो. ज्या वृद्धेने मला तो प्रश्न विचारला होता ती आता नाही. तिची सून तेथे परडी घेऊन बसते.