रोल संपवायला काढलेला फोटो

मागच्या डिसेंबरात रेशनकार्ड शोधताना कपाटाच्या वरच्या फळीवरून जुना अल्बम खाली आला. काळ्या जाड कागदांचा. फोटोंच्या कोपऱ्यांना त्रिकोणी खोचण्या, आणि दोन पानांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला तो पातळ कागद. रेशनकार्ड राहिलं बाजूला. मी तिथेच स्टुलावर बसले आणि पानं उलटत राहिले.

बाबांकडे आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. त्याच्या एका रोलमध्ये बारा फोटो निघायचे. बाराच, आणि चौकोनी. मागच्या लाल काचेतून आकडा दिसायचा. फोटो काढला की खुंटी फिरवून पुढचा आकडा आणायचा. विसरलं तर एकावर एक दोन फोटो. आमच्या धाकट्या मावशीच्या लग्नातला असा एक फोटो अजून आहे. त्यात नवरदेवाच्या मुंडावळ्यांवर पाण्याचा बंब बसला आहे. बारा फोटो म्हणजे हिशोबाचं काम होतं. वाढदिवसाला चार, सहलीला पाच, असं करत शेवटी दोन-तीन उरायचे. रोल अर्धवट धुवायला टाकणं म्हणजे पैसे वाया घालवणं. इकडे फोटो बघायची तर सगळ्यांना घाई. मग एखाद्या रविवारी सकाळी बाबा अंगणात यायचे, "चला, रोल संपवून टाकू," म्हणायचे आणि समोर जे असेल त्याचा फोटो काढायचे.

समोर काय असणार? आई गच्चीवर सांडगे घालत असायची. भिंतीला टेकवलेली सायकल असायची आणि तिच्या सीटवर झोपलेलं मांजर. एका फोटोत पारिजातकाखालचा सडा आहे आणि त्याच्या कडेला आजीचे नुसते पाय, नऊवारीच्या काठापर्यंत. आजी फोटोत यायला तयार नव्हती म्हणे. त्या दिवशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती याच पानांवर. वाढदिवसाचे फोटो कुणाच्याही घरी गेलात तरी सारखेच. केक, कागदी टोपी, मागे चिकटवलेले फुगे. आमचं घर दिसतं ते उरलेल्या फोटोंत. आईचे सांडगे घालणारे हात आता मला दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? सांडगे मी दुकानातून आणते.

माझ्या फोनमध्ये तेव्हा आठ हजारांवर फोटो होते. लग्नं, मुंजी, हॉटेलातली ताटं, लाइटबिलं, कुणाकुणाचे आधारकार्ड आणि शेकडो सुप्रभात. पण अंगणातल्या मांजरासारखा एकही नाही. फोनचा रोल कधी संपतच नाही. त्यामुळे तो संपवायला म्हणून काढलेला फोटोही माझ्याकडे नव्हता. मग मी ठरवलं, रोज सकाळी कामाला निघण्यापूर्वी गॅलरीतून एक फोटो काढायचा. एकच. कठड्याच्या त्याच कोपऱ्यातून. पुन्हा काढायचा नाही, कुणाला पाठवायचा नाही. पहिले आठ दिवस सपशेल कंटाळवाणे गेले. समोर बदामाचं झाड, त्याच्यामागे शेजारच्या सोसायटीची पाण्याची टाकी, वर आकाश. सासूबाई रोज त्या वेळी गॅलरीतल्या खुर्चीवर बसलेल्या असतात. गुडघ्यांमुळे त्यांचं खाली उतरणं आता बंदच आहे. त्या म्हणाल्या, "अगं, तेच झाड, तीच टाकी. पळून का जाणार आहेत?" मला उत्तर सुचलं नाही. शिवाय तेवढ्यात आत दूध उतू गेलं.

बदाम म्हणजे आपला रस्त्याकडेचा देशी बदाम. सुक्या मेव्यातला नव्हे. मोठ्या पानांचा, फांद्या मजल्यांसारख्या आडव्या पसरणारा. वटवाघळं रात्री त्याची फळं खाऊन खाली टाकतात आणि मुलं सकाळी त्या बिया दगडानं फोडतात. हे झाड मी अठरा वर्षं बघते आहे, असं मला वाटत होतं. बाराव्या-तेराव्या फोटोत त्याचं एक पान लाल दिसलं. शेजारचं हिरवंच. दुसऱ्या दिवशी चार लाल. झाड एकदम रंग बदलत नाही, पान पान मोजून बदलतं, हे मला अठरा वर्षांत कळलं नव्हतं. मग पानं गळाली आणि तिसऱ्या मजल्याच्या फांदीवर कावळ्याचं जुनं घरटं उघडं पडलं. पुढे फांद्यांच्या टोकांना नवी पानं आली, ती आधी सरळ उभी होती, जोडलेल्या तळव्यांसारखी. मोठी होत गेली तशी आडवी पडली. हे सगळं रोज माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी चपला शोधत होते.

सूर्याचं तर त्याहून नवल. डिसेंबरात तो टाकीच्या पार उजव्या अंगाला उगवत होता. मार्चमध्ये टाकीच्या मागे आला. जूनच्या सुरुवातीला बघते तर डावीकडे, मोबाइलच्या टॉवरपलीकडे! उत्तरायण-दक्षिणायन शाळेत पाठ केलं होतं. संक्रांतीला तिळगूळही वर्षानुवर्षं वाटला. पण तो एवढा सरकतो? आमच्या पुण्यातून पाहिलं तर डिसेंबरअखेरचा सूर्योदय आणि जूनअखेरचा सूर्योदय यांच्या जागांमध्ये जवळजवळ ५० अंशांचं अंतर असतं. हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ साधारण १० अंशांची. म्हणजे क्षितिजावर पाच मुठी. मे महिन्याच्या मध्यावर तर तो दुपारी साडेबाराच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाखाली नाहीशी होते. मी गच्चीवर साबुदाण्याचा डबा उभा ठेवून त्याचा फोटो काढला. खाली आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "भर उन्हात ही कसली पूजा?" फोटो दाखवल्यावर मात्र त्यांनी चष्मा मागितला.

फोटोग्राफी मी शिकलेली नाही. वर्षभरात जे जमलं ते असं. काढण्याआधी फोनची काच पदरानं पुसावी. आपले निम्मे धुरकट फोटो हे हवेच्या नव्हे, तर बोटांच्या तेलाचे असतात. सकाळचं ऊन तिरपं असतं, त्यात पानाची एकेक शीर सावली टाकते. भर दुपारी तेच पान कागदासारखं सपाट दिसतं. गवतातल्या फुलाचा फोटो हवा असेल तर गवतात बसावं लागतं. आमच्याकडे पार्किंगच्या कडेला दगडी पाला उगवतो. उभ्यानं पाहिलं तर पिवळे ठिपके. मांडी घालून बसले तेव्हा त्या ठिपक्याच्या मधोमध एक मुंगी परागात बरबटलेली दिसली. वॉचमनकाका धावत आले, "ताई, चक्कर आली का?" आणखी एक. एप्रिलमध्ये मनीप्लांटच्या कुंडीत बुलबुलानं घरटं केलं. तेव्हा मी कठड्याचा तो कोपराच सोडला. फोन जवळ नेला की पक्षीण उडून जायची. अंडी फुटायला जेमतेम दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस मी फोटो स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढले. त्यांत निम्मी जाळीच आहे.

या नादात मला विल्सन बेंटली आठवतो. अमेरिकेत व्हरमाँट नावाचं राज्य आहे. तिथल्या जेरिको गावचा हा शेतकरी. लहानपणी शिक्षण घरीच, आईकडे. तिनेच त्याला सूक्ष्मदर्शक दिला. हिवाळ्यात त्याच्या शेतावर बर्फाशिवाय काही नसे. मग तो बर्फच बघायला लागला. वडिलांनी कुरकुरत कॅमेरा घेऊन दिला. १५ जानेवारी १८८५ या दिवशी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यानं हिमाच्या एका कणाचा सूक्ष्मदर्शकातून फोटो काढला. कण काळ्या फळीवर झेलायचा, काडीनं उचलायचा, श्वास रोखून धरायचा, कारण श्वास लागला की तो विरघळणार. असे पाच हजारांहून जास्त फोटो त्यानं आयुष्यभरात काढले. कुठे लांब गेला नाही. आपल्याच शेतावर, थंडगार खोलीत, दूधदुभतं सांभाळून. त्या फोटोंचं जाडजूड पुस्तक १९३१ मध्ये निघालं, आणि त्याच डिसेंबरात तो गेला. शेजाऱ्यांना तो जरा विक्षिप्तच वाटायचा. वाटणारच. बर्फ काय, सगळ्यांच्याच अंगणात पडत होता.

आपल्याकडे जत्रेला तीन तऱ्हेची माणसं येतात म्हणतात. हवशे, नवशे आणि गवशे. फोटोंच्या जत्रेतही तेच. बक्षीस मिळावं म्हणून काढणारा नवसा. किती जणांनी अंगठा दाखवला हे दर पाच मिनिटांनी चाचपणारा गवसा. मीही अधूनमधून गवशांत जाऊन आले आहे, उगाच सोवळेपणा कशाला? मुलीच्या पदवीदान समारंभाचा फोटो टाकला, तेव्हा रात्री दोनदा उठून बघितलं. पण बाबा रविवारच्या सकाळी जे काढायचे ते निव्वळ हवशाचं काम होतं. त्या फोटोंकडून त्यांना काहीच नको होतं. सायकल सुंदर दिसायची गरज नव्हती, मांजरानं इकडे बघायची गरज नव्हती. मला वाटतं, म्हणूनच मांजर इतकं मांजरासारखं आलं आहे. हौशी या शब्दाला आपण हल्ली थोडं खाली बसवतो. हौशी म्हणजे कच्चा, असं. हौसेला मोल नसतं, हेही आपणच म्हणतो.

आता वर्ष होत आलं. रोज जमलं असं नाही. पावसाळ्यात सलग सहा फोटो नुसते राखाडी आहेत, आणि एकदा तापानं आठवडा गेला. पण या वर्षात गंमत झाली ती वेगळीच. सासूबाई, ज्यांच्या मते झाड पळून जाणार नव्हतं, त्या आता माझ्याआधी बघतात. तिसऱ्या फांदीवर तांबट बसला आहे, हे त्या सांगतात. त्यांच्या जुन्या पायपुसण्याचे धागे खार ओढून नेते, हे त्यांनीच पकडलं. मला दिसायच्या आत खार पसार. गणपतीच्या धावपळीत एक दिवस मी तशीच ऑफिसला पळाले. संध्याकाळी आले तर त्यांनी आपला फोन पुढे केला. "तुझा आजचा राहिला होता ना," म्हणाल्या. त्या दिवशीचा फोटो त्यांनी काढलेला आहे. अर्ध्या भागात त्यांचा अंगठा, उरलेल्या अर्ध्यात टाकी. बदाम अजिबात नाही.

दर महिन्याला त्यातले बारा फोटो मी कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून छापून आणते. चौकोनीच. बाबांच्या अल्बमची शेवटची काही काळी पानं कोरी होती, त्यांवर ते लावते. खोचण्या आता मिळत नाहीत, म्हणून डिंकानं चिकटवते. अंगठ्याचा फोटो आजीच्या पायांच्या समोरच्या पानावर लावायचा होता, पण तिथे जागा नव्हती. तो बंबाच्या शेजारी बसला.

तुमची निघायची वेळ झाली असेल. अजून दोन मिनिटं असतील तर खिडकीपाशी जा आणि समोर जे असेल त्याचा एक फोटो काढा. आधी गॅस बंद करा.