शेपटी आपल्याकडे
रिमोटवरचं छोटं हेलिकॉप्टर हाती आलं, की मुलांना ते लगेच गच्चीवरून उडवायचं असतं. शिकायला मात्र मोकळं मैदान हवं, वारा पडलेली सकाळ हवी. आणि आधी नुसतं एका जागी तरंगत ठेवायचं. खरं तर तेच अवघड. शेपटी आपल्याकडे असेपर्यंत डावं ते डावंच. तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटतं, आणि भलेभले तिथेच आपटतात. फिरतं पातं डोळ्याला, बोटांना गंभीर इजा करू शकतं; खेळणं म्हटलं की याचा विसर पडतो. रिमोट आधी चालू करायचा, मग बॅटरी जोडायची; उतरल्यावर आधी बॅटरी काढायची, मग रिमोट बंद. आणि पालकहो, पातं पूर्ण थांबेपर्यंत कुणालाही जवळ जाऊ देऊ नका.