चिठ्ठी दोनदा टाकली

बी.एस्सी. ॲग्री झालो आणि एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या चालून आल्या. एक कीटकनाशकांच्या कंपनीत सेल्स ऑफिसरची. ऑफिस पुण्यात, फिरती विदर्भात, पगार २८ हजार. दुसरी आमच्याच करमाळा तालुक्यात, टेंभुर्णी रस्त्यावर कंदरला, केळीच्या पॅकहाऊसमध्ये निर्यातीच्या मालाचा दर्जा तपासायची. पगार १९ हजार.

आईनं देव्हाऱ्यापुढं दोन चिठ्ठ्या टाकल्या आणि शेजारच्या पोरीला एक उचलायला लावली. पुणं निघालं. माझं तोंड पडलं. मित्र म्हणाला, "कळलं ना आता मनात काय आहे? कंदर घे." ही युक्ती सगळ्यांनाच माहीत असते. रात्री सगळे झोपल्यावर मी पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या. कंदर निघालं. तोंड परत पडलं.

म्हणजे आत कुठलं उत्तर दडून बसलेलंच नव्हतं. मी मात्र महिनाभर तेच शोधत होतो. ते सापडलं की आत्मविश्वास येईल आणि मग निर्णय घेऊ, असं चाललं होतं.

रूथ चँग या तत्त्वज्ञ बाईंचं अशा निवडींवर बरंच काम आहे. त्यांचा मुद्दा साधा आहे. दोन पर्याय अगदी सारखे असतील, तर एका पारड्यात चिमूटभर जास्त टाकलं की ते खाली जायला हवं. कंपनीनं फोनवर हजार रुपये वाढवले, तरी मी होतो तिथंच. म्हणजे नोकऱ्या सारख्या नव्हत्या, आणि एक दुसरीपेक्षा सरसही नव्हती. २९ हजार रुपये आणि पॅकहाऊस बघायला गेलो तो दिवस, हे एका काट्यावर मोजायचं कसं? त्या दिवशी घडाच्या फण्या सुटताना, चीक धुऊन निघताना पाहिला. १३ अंशांच्या खाली कच्च्या केळीची साल काळी पडते हे परीक्षेत लिहिलं होतं, तिथं तशी एक फणी हातात घेतली. चँग म्हणतात, अशा ठिकाणी कारण सापडत नाही, आपण एका बाजूला उभं राहून ते तयार करायचं असतं. त्या स्वतः आधी भीतीपोटी वकील झाल्या, तत्त्वज्ञानाकडे नंतर वळल्या.

पटलं, पण पुरतं नाही. उभं राहायला पायाखाली जमीन लागते, आणि आमच्या जमिनीवर माझ्या शिक्षणाचं कर्ज होतं.

उदाहरणं शोधावीत, तर आमच्याकडे एकच: जेऊरचे नागराज मंजुळे. एक काका म्हणाले, "बाहेर पडला म्हणून मोठा झाला." दुसरे म्हणाले, "गाव सोडलं नाही म्हणून. 'सैराट' इथंच काढला की." एकाच माणसातून दोन्ही सल्ले निघतात, कारण आपण त्याची गोष्ट २०१६ पासून मागं वाचतो.

सार्त्रनं १९४५च्या एका व्याख्यानात त्याच्या विद्यार्थ्याची हकिगत सांगितली. एकट्या आईजवळ राहावं की युद्धात जावं, असा त्या पोराचा पेच होता. त्यावर सार्त्र म्हणतो, सल्ला कुणाला विचारायचा हे ठरवलं की निवड बरीचशी झालेलीच असते. हे वाचून ओशाळलो. मी तिघांना विचारलं होतं. दोघं पुणं म्हणणार, एक कंदर म्हणणार, हे आधीच ठाऊक होतं. ज्यांचं उत्तर माहीत नव्हतं त्या माणसाला, म्हणजे दादांना, मी विचारलंच नव्हतं.

दादा मोटर चालू करायला निघाले होते. मी कर्जाचं बोललो. ते म्हणाले, "कर्ज माझ्या नावावर आहे. तू तुझं बोल." मी म्हणालो, "केळीचं काम करावं वाटतंय." वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत मला तसं वाटत होतं की नाही, आजही सांगता येत नाही. दादा म्हणाले, "मग वर्षानं तोंड पाडून बसायचं नाही," आणि गेले.

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन केला. हात थरथरत होता. आत्मविश्वास वगैरे काही आला नव्हता. एचआरच्या मॅडमना फॉर्ममध्ये कारण भरायचं होतं.

"बेटर ऑफर लिहू का?"

"नाही, पगार कमीच आहे तिकडं."

"मग घरची अडचण?"

"घरची अडचण नाही. केळीचं काम करायचंय, कंदरला."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग कीबोर्डचा आवाज.

"पर्सनल लिहिते."