धनुष्य तासावं की स्वतःला?

माझं हाताने केलेलं लाकडी धनुष्य पूर्ण ओढायला सध्या ५० पौंड जोर लागतो. मला ३५ नीट झेपतात. मग लाकूड तासू, की वर्षभर व्यायाम करून त्याच्या लायक होऊ?

तासायचं म्हणजे पोटाकडून, ओढणाऱ्याच्या बाजूने, खरवडायचं. कडकपणा जाडीच्या घनावर ठरतो. जाडी १० टक्के घटली की ताण सुमारे २७ टक्के उतरतो. खरवडलेलं परत चिकटत नाही. दिवसभर कोड रिव्हर्ट करणाऱ्याला हे जरा जडच जातं.

'स्वतःला वाढव' हे उत्तर आपल्या पिढीला शोभून दिसतं. (लिंक्डइनवर तर फारच.) १५४५ साली बुडालेल्या 'मेरी रोझ' जहाजातली बरीच धनुष्यं १०० पौंडांहून जड असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण ती पेलणारे तिथवर पायरी पायरीने पोचले होते. ह्यू लॅटिमर या इंग्रज धर्मोपदेशकाने १५४९च्या प्रवचनात सांगितलंय, की वडील त्याच्या वयाला आणि ताकदीला साजेसं धनुष्य आणत; तो वाढला तशी धनुष्यंही मोठी होत गेली.

न झेपणारं धनुष्य ओढताना नेम धरायला जीवच उरत नाही, सगळा झटापटीत जातो. उद्याच्या बलदंड माणसासाठी हे राखून ठेवायचं, तर आज बाण कोण मारणार? त्याला हवं तर त्याने नवं करावं.

म्हणून मी तासतोय. पोटावर पेन्सिलीच्या रेघा मारायच्या, त्या जाईपर्यंतच खरवडायचं, तीसेक वेळा हलकं ओढायचं, मग काट्याला लावायचं. काल ४६ भरलं.